राणी रंगाचे सर

सरांना ‘गुलाबी’ हा शब्द खपत नसे. बारावीच्या एखाद्या मुलाने निबंधात ‘गुलाबी थंडी’ लिहिलं की ते त्याला उभं करायचे.

"पहाटे शेतावर पाणी लावायला जातोस ना रे?"

"जातो सर."

"तेव्हा थंडी गुलाबी असते?"

"नाय सर."

"मग कशी असते?"

मुलगा थोडा घुटमळायचा आणि म्हणायचा, "बोटांना चावते सर."

"हे लिही. गुलाबी खोड."

टोकावड्याच्या शाळेला जोडून आमचं ज्युनिअर कॉलेज होतं. सर तिथे मराठी शिकवायचे आणि मी जीवशास्त्र. मी नवीन लागले तेव्हा त्यांच्या टेबलावर चमत्कारिक वस्तू मांडलेल्या दिसायच्या. बैलाच्या शिंगाला बांधायचा लोकरीचा गोंडा, तेरड्याची सुकलेली फुलं, औषधाच्या बाटलीचं झाकण, एकदा तर कोणाच्या तरी लहान भावाची एकच चप्पल. मला वाटलं, मुलांकडून जप्त केलेला माल असेल. मग कळलं की ज्याने ‘गुलाबी’ लिहिलं त्याने दुसऱ्या दिवशी त्या रंगाची एक वस्तू आणून ठेवायची, अशी ही शिक्षा होती. वस्तू आली की सर सगळ्या वर्गाला तिचा रंग सांगायला लावायचे. डाळिंबी, अबोली, गुलबक्षी, कांद्याच्या सालीचा. या सगळ्यांहून वरचा, डोळ्यांत घुसणारा, तो राणी. तो सरांचा आवडता.

मधल्या सुट्टीत ते माझ्या प्रयोगशाळेत यायचे आणि स्टुलावर बसून विचारायचे, "बाई, फुलाला एवढा भडक रंग कशासाठी हो?"

"कीटक यावेत म्हणून. परागीकरणासाठी."

"म्हणजे कामासाठी. बघा, फुलाच्या रंगालाही काम आहे. आमच्या गाइडात मात्र रंग नुसता बसून असतो. पांढरा शांतीचा, हिरवा समृद्धीचा, गुलाबी प्रेमाचा. पेन्शनीत निघाल्यासारखा."

त्यांची स्कूटरही राणी रंगाची होती. त्यामागची हकिगत साऱ्या मुरबाडला ठाऊक होती. म्हसा गावच्या पौषातल्या जत्रेत त्यांनी आपली राखाडी स्कूटर लावली आणि परतताना शेजारची, दुसऱ्याच कोणाची तरी तशीच राखाडी स्कूटर घरी आणली. चावी कशी लागली देव जाणे. त्या माणसाने जत्रेत चोरीची बोंब ठोकली, पोलीस आले, आणि सर दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना पकडले गेले. त्यानंतर त्यांनी गॅरेजवाल्याला सांगितलं, जो रंग कोणी मागत नाही तो लाव. त्याच्याकडे कुठल्याशा देवळाच्या कमानीचा राणी रंग उरलेला होता.

आमच्याकडचा रस्ता भातखाचरांच्या मधून जातो. त्या हिरव्यातून सरांची स्कूटर लांबवरून दिसायची. चहाच्या टपरीवर बसलेली पोरं "राणी आली रे" म्हणून वर्गाकडे पळायची. सरांना हे माहीत होतं. "धाक दाखवायला मला ओरडावं लागत नाही," ते म्हणायचे, "रंगच माझं काम करतो." वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला एकदा म्हणाल्या, "लोकांचे नवरे पन्नाशीत देवाला लागतात. आमचे रंगाला लागले."

एका वर्षी ग्रामपंचायतीची निवडणूक झाली आणि निकालाची मिरवणूक शाळेवरून गेली. सर फाटकात उभे होते, त्यांच्या पांढऱ्या शर्टावर मूठभर गुलाल आला. तो शर्ट धुवायच्या आत शेजारच्या वैशाखरे गावात एक वयस्क गृहस्थ वारले. सर त्याच शर्टात अंत्ययात्रेला गेले. तिथेही गुलाल उधळला गेला. दुसऱ्या दिवशी ते तोच शर्ट घालून वर्गात आले. मी शेजारच्या वर्गात होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"या खांद्यावरचा डाग जिंकलेल्या माणसाचा," सर म्हणाले, "आणि या खांद्यावरचा मेलेल्या माणसाचा. कोणता कोणाचा ते रंगावरून ओळखा."

कोणालाच ओळखता येईना.

"मग हा रंग कशाचं प्रतीक?"

नुसती बाकं करकरली.

"येत नाही ना? मलाही येत नाही. आता कवितेचं पुस्तक उघडा आणि भीत भीत वाचा."

मी तशी विज्ञानाची. पण त्या दिवशी मला वाटलं की हा माणूस आपल्याला अकरावी-बारावीला असायला हवा होता.

त्या वेळी बारावीच्या पुस्तकात एक कविता होती. मुलगी सासरी निघते, वेशीवरून वळून बघते, आणि मागे उभ्या राहिलेल्या आईला लांबवर फक्त तिच्या साडीचा राणी रंग दिसत राहतो. गाइडात लिहिलं होतं: राणी रंग हा प्रेम, आनंद आणि सौभाग्य यांचे प्रतीक आहे. सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं आणि विचारलं, "तुमच्या घरात हा रंग आला तर तो काय घेऊन येतो? गाइडातलं सांगायचं नाही."

वैशाखऱ्याच्या वरच्या अंगाच्या पाड्यावरची एक मुलगी मागच्या बाकावर बसायची. हुशार होती, पण विचारल्याशिवाय बोलायची नाही. माझ्या विषयातही चांगली. आम्ही दोघांनी मिळून तिच्या मनात नर्सिंगचं भरवलं होतं. ती त्या दिवशी आपणहून उभी राहिली. जत्रेची सुट्टी संपून कॉलेज नुकतंच सुरू झालं होतं, एवढं मला पक्कं आठवतं.

"घाई, सर," ती म्हणाली.

वर्ग हसला. सर हसले नाहीत.

"नीट सांग गो. घाई म्हणजे?"

"घरात राणी रंगाची साडी आली का पोरीचं कोण काय ऐकत नाय, सर. सगल्यांनाच घाई असते."

सरांनी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि टाळ्या वाजवल्या. त्यांनी वाजवल्या म्हणून वर्गानेही वाजवल्या. मग त्यांनी तिला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. ती मान खाली घालून म्हणाली. तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. ते तिला दुसऱ्या तुकडीत घेऊन गेले आणि तिथेही म्हणायला लावलं. मधल्या सुट्टीत ते स्टाफरूममध्ये आले ते जवळजवळ तरंगतच.

"बाई, आयुष्यभर शिकवलं ते आज एका पोरीने मला परत केलं. घाई! कोणत्या समीक्षकाला सुचलं असतं हे?"

आम्हा सगळ्यांना कौतुक वाटलं. कोणी तरी चहा मागवला.

सरांनी तिला बजावून सांगितलं की बोर्डाच्या पेपरात हा प्रश्न आला तर हेच लिहायचं, गाइडातलं एक अक्षर लिहायचं नाही. प्रश्न आला. तिने तेच लिहिलं, आणि बाकीची उत्तरंही तशीच, गाइड सोडून. मराठीत तिला इतके कमी गुण पडले की आम्हाला निकाल चुकला असं वाटलं. बाकीच्या विषयांत ती बरी होती, पण एकूण बेरीज खाली आली आणि नर्सिंगच्या यादीत तिचं नाव थोडक्यात हुकलं.

सरांनी उत्तरपत्रिकेची प्रत मागवली. त्या उत्तरावर तिरकी लाल रेघ होती, बाजूला शून्य. सर ती प्रत घेऊन कुठे कुठे फिरले. ज्यांना भेटले त्यांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की नमुना उत्तराशी जुळत नाही, त्याला कोण काय करणार. एक परीक्षक तर सरांचे जुने स्नेही होते. ते म्हणाले, "उत्तर सुंदर आहे हो. पण शेकडो पेपर तपासायचे असतात. सुंदर उत्तराला कुठला रकाना असतो?"

सर परत आले आणि स्टाफरूममध्ये खिडकीकडे तोंड करून बसले. 

तुळशीची लग्नं झाल्यावर तिच्या लग्नाचं निमंत्रण आलं. तिचे वडील स्वतः कॉलेजात येऊन अक्षता देऊन गेले. सर आणि मी गेलो. पाड्यावर मांडव घातला होता, स्पीकर लागला होता, मुरबाडहून वाजंत्री आले होते. मुलगी राणी रंगाच्या साडीत पाटावर बसली होती. आम्ही पुढे झालो. तिने वाकून नमस्कार केला आणि सरांकडे बघून हळूच म्हणाली, "सर, बरोबर सांगितलं व्हतं ना मी?"

 सरांनी आणलेलं भांडं तिच्या हातात दिलं आणि ते मांडवाबाहेर पडले. पंगतीला बसले नाहीत. येताना मी स्कूटरवर मागे बसले होते. उताराला त्यांनी गाडी कडेला घेतली.

"बाई, गाइडातलं लिहिलं असतं तर ती आज नर्सिंगला असती," ते म्हणाले. "मी माझी हौस भागवली. किंमत तिने मोजली."

मी म्हटलं की असं नसतं, शंभर कारणं असतात. ते म्हणाले, "शंभर असतील. त्यातलं एक मी आहे, आणि मला तेवढंच दिसतंय."

पुढच्या जूनमध्ये सर वर्गात गाइड घेऊन गेले. मी पुन्हा शेजारच्याच वर्गात होते. त्यांचा आवाज सपाट येत होता. "राणी रंग हा प्रेम, स्वल्पविराम, आनंद आणि सौभाग्य यांचे प्रतीक आहे. पूर्णविराम. खाली रेघ मारा."

एका मुलाने विचारलं, "सर, पण तुमी मागच्या वर्षीच्या पोरांना तिरडीवरचा गुलाल सांगितला व्हता म्हणं."

"तो परीक्षेत येत नाही. लिहा."

टेबलावरच्या वस्तू गेल्या. स्कूटर त्यांनी काळी करून घेतली. मुलं पुन्हा गुलाबी थंडी लिहू लागली आणि सर त्यावर मुकाट्याने बरोबरची खूण करू लागले. त्यांचा विषय होता तो, मन लावून घोटून घेतला तर निकाल लागणारच. लागला. पुढे पुढे तर मराठीत कोणी नापास होईना. प्राचार्य खूश झाले, पालक खूश झाले. एका वर्षी स्नेहसंमेलनात सरांचा सत्कार झाला. संस्थेच्या अध्यक्षांनी त्यांच्या डोक्याला फेटा बांधला, नेमका राणी रंगाचा. सरांना दोन शब्द बोला म्हणून सांगितलं. एरवी त्यांना माइकवरून उतरवायला चिठ्ठी पाठवावी लागायची. त्या दिवशी ते म्हणाले, "मी आभारी आहे. मुलांनी पाठांतर चांगलं केलं." आणि खाली येऊन बसले. मी शेजारी होते. फेटा कपाळावर घसरला होता. तो त्यांनी सरळ केला नाही, काढलाही नाही.

निवृत्तीनंतर ते शहापूरला आपल्या मूळ घरी राहायला गेले. मी वर्षातून एकदा-दोनदा जाते. त्यांनी परसात वाल लावलेत, दुधी लावलाय. कवितेचा विषय मी काढला तर ते दुधीकडे वळवतात. वहिनी म्हणाल्या, "पुस्तकांचं कपाट उघडतच नाहीत. मीच झुरळांसाठी उघडते."

गेल्या हिवाळ्यात आम्ही काही शिक्षक माळशेजला जाऊन परत येत होतो. टोकावड्याच्या अलीकडे एका खानावळीत जेवायला थांबलो. पत्र्याची शेड, स्वच्छ सारवलेली जमीन, पुढे चुलीवर भाकऱ्या करणारी बाई. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, वळखलं नाय का?"

तीच होती. अंगाने भरली होती, पण बघणं तेच. खानावळ तिची आणि नवऱ्याची. दोन मुलं, मोठी मुलगी पाचवीला. बाकीचे जेवत होते तोवर मी चुलीपाशी जाऊन बसले. तिने आधी सरांचं विचारलं. मी म्हटलं, बरे आहेत, पण तुझ्या मार्कांचं त्यांनी फार मनाला लावून घेतलं. अजून घेतात.

तिने भाकरी थापता थापता हात थांबवला.

"मार्कांचं? मार्कांनी काय व्हनार व्हतं, मॅडम?"

"नर्सिंग हुकलं ना तुझं."

"लागलं असतं तरी कोण सोडनार व्हतं? माझी सुपारी जत्रेतच फुटलेली. बाबा बैल बघाया गेलं व्हतं म्हशाला, तिथंच यांच्या घरच्यांची गाठ पडली. साडी पन तिथनंच आनली. लगीन वैशाखातच व्हनार व्हतं, पन यांचं आजोबा गेलं, मंग पुढं ढकललं. कालेजात मी कोनाला बोलले नाय. बोलले असते तर घरच्यांनी पेपराला पन बसू दिलं नसतं. नर्सिंगचा फॉर्म तुमी भरायला लावला म्हनून भरला."

ती हे अगदी सहज सांगत होती. तवा तापला होता, तिने भाकरी टाकली आणि वरून पाणी फिरवलं.

मी त्या आठवड्यातच शहापूरला गेले. मला वाटलं होतं, चांगली बातमी घेऊन चाललेय. इतकी वर्षं वाहिलेलं ओझं या माणसाच्या पाठीवरून उतरेल. सर परसात वालाच्या शेंगा तोडत होते. मी ओट्यावर बसून सगळं सांगितलं. मार्कांचा काही संबंध नव्हता, सर. लग्न आधीच ठरलं होतं. तुम्ही उगाच स्वतःला लावून घेतलंत.

त्यांनी शेंगांचं सूप खाली ठेवलं.  मग विचारलं, "साडी कधी आणली म्हणाली?"

"म्हशाच्या जत्रेत."

"आणि वर्गात उभी राहिली ती जत्रेची सुट्टी संपल्यावर."

मी हो म्हटलं, आणि म्हणता म्हणता माझ्याही लक्षात आलं.

"म्हणजे साडी घरात आली होती, बाई," सर म्हणाले. "ती कवितेबद्दल बोलतच नव्हती. ती मला सांगत होती."

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्या दारातच थांबल्या.

"कोण काय ऐकत नाय, म्हणाली ती. आणि मी काय केलं? वा म्हटलं. पुन्हा म्हण म्हटलं. दुसऱ्या तुकडीत नेऊन म्हणायला लावलं." त्यांचा आवाज वर चढला नाही. "रंगाचं प्रतीक करू नका म्हणून मुलांना ओरडत होतो मी. आणि जिवंत पोरीचं मी प्रतीक करून टाकलं. तिच्या बापाशी जाऊन एक शब्द बोललो असतो. ऐकलं असतं, नसतं, पुढची गोष्ट. पण बोललो असतो."

उतरवायला गेले होते त्यापेक्षा वाईट ओझं मी त्यांच्या पाठीवर ठेवून आले होते.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. टोकावड्याला जायचंय, बरोबर येता का. आम्ही एसटीने गेलो. दुपार झाली होती, खानावळीत एक ट्रकवाला सोडला तर कोणी नव्हतं. तिने सरांना बघितलं आणि हातचं पीठ तसंच ठेवून बाहेर आली. पाया पडली. नवऱ्याला हाक मारून पाट मांडायला लावले.

सर बसले, पण ताटाला हात लावीनात.

"तू वर्गात उभी राहिलीस तेव्हा तू घरचं सांगत होतीस, हो ना गो?"

तिने पदराला हात पुसले. नवरा आत गेला होता.

"आता काय सर त्याचं. जेवा."

"मला कळलं नाही. मी ऐकलंच नाही तुझं."

तिने चुलीपाशी जाऊन तव्यावर भाकरी टाकली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता आणि मनधरणीही नव्हती. काही तरी खरं आठवून सांगावं तशी ती बोलली.

"ऐकलं तर कोनीच नाय, सर. घरी आईला सांगितलं, मावशीला सांगितलं. त्या गप बस म्हनाल्या. तुमी टाळ्या तरी वाजवल्यात."

सरांनी मान खाली घातली. मला वाटलं ते उठतील. पण ती तव्यावरची भाकरी हातात घेऊन पुढ्यात उभी होती, वाफ निघत होती, आणि त्यांनी खाल्ल्याशिवाय ती हलणार नव्हती. सरांनी ताट पुढे केलं. तिने भाकरी वाढली, वर आमटी वाढली, आणि सर खाली बघून, एकेक घास सावकाश चावत, सगळं जेवले.